हरलेल्या मतांचं काम

महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक आणि दिवाळी यांची गाठ आता पक्की बसली आहे. २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला मतदान झालं, १७ ला लक्ष्मीपूजन आणि २२ ला निकाल. २०१४ आणि २०१९ चे निकाल ऐन दिवाळीच्या तोंडावर लागले. २०२४ मध्ये अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता धनत्रयोदशीचा, आणि माघारीची मुदत संपली ती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. मधले सणाचे दिवस बंडखोरांच्या मनधरणीत गेले. त्या निकालावर भरपूर लिहून झालं आहे. आम्हाला लिहायचं आहे ते हरलेल्या उमेदवारांना आणि विरोधी बाकांवरच्या आमदारांना मिळालेल्या मतांविषयी.

प्रचारात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘सत्तेतला आमदार द्या, निधी आणतो.’ मग पारावर आणि सोसायटीच्या आवारात त्याचंच दुसरं रूप फिरतं, की पडणाऱ्याला मत देऊन ते वाया कशाला घालवायचं? हा युक्तिवाद आम्हाला घातक वाटतो. स्थानिक विकासाचा आमदार निधी बाकं पाहून ठरत नाही. प्रत्येक आमदाराला तो सारखाच, वर्षाला ५ कोटी रुपये. त्यापलीकडचा पैसा राज्याच्या तिजोरीतला, म्हणजे सगळ्यांच्या करातला. विरोधी आमदार निवडला म्हणून एखाद्या तालुक्याचा रस्ता किंवा बंधारा अडत असेल, तर जाब वाटप करणाऱ्याला विचारला पाहिजे. भीतीपोटी मतदारानेच आपला कौल बदलला, तर अन्याय करणाऱ्याला मोकळं रान मिळतं.

विरोधी बाकांवरून काय साधतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच प्रांतातलं आहे. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. मताचा हक्क तेव्हा मालमत्ता, शिक्षण अशा अटींत अडकलेला, त्यामुळे कोकणातल्या बहुसंख्य कुळांना मतच नव्हतं. काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा तसंच म्हणत) आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर समोरच्या बाकांवर बसले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पिढ्यान्‌पिढ्या खोताच्या मर्जीवर जगणाऱ्या कुळांचं गाऱ्हाणं सभागृहाच्या कामकाजात नोंदलं गेलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत येऊन धडकला. विधेयक मंजूर झालं नाही. पण खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये करावाच लागला. ज्यांच्या मतांवर बाबासाहेब सभागृहात गेले, त्यांचं एकही मत वाया गेलं नव्हतं.

सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचंही तसंच. शेतकरी कामगार पक्षाच्या या नेत्याला दुष्काळी तालुक्याने अकरा वेळा विधानसभेवर पाठवलं. दोनदा अल्पकाळ मंत्रिपद मिळालं. बाकी सारी कारकीर्द विरोधात गेली. निधीच्या धाकाने सांगोलेकरांनी मत बदललं असतं, तर पाण्यासाठी अर्धं शतक सभागृहात भांडणारा माणूस महाराष्ट्राला मिळाला नसता.

आता २०२४ चे आकडे पाहा. महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. काँग्रेस, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) या तिघांना मिळून सुमारे एक तृतीयांश मतं पडली, जागा मात्र ४६. जास्त मतं मिळवील तो निवडून येईल, हा नियम सगळ्यांना मान्य आहे आणि निकालही त्याच नियमाने लागला. परंतु एक दशांश सदस्यसंख्येचा, म्हणजे २९ चा, दाखला पुढे आला आणि निकालानंतर विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. ती मान्यता देणं अध्यक्षांच्या हातात असतं आणि ती द्यायला हवी होती, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते पद पक्षाला बक्षीस म्हणून द्यायचं नसतं. सरकारला उत्तर द्यायला लावण्यासाठी ते असतं. सरकार कुणाचंही असलं, तरी आम्ही हेच म्हटलं असतं.

पद नसलं तरी आयुधं आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. सत्ताधारी आमदारालाही ती वापरता येतात, आणि मतदाराने त्याच्याकडेही त्यांचा हिशेब मागावा. गटाराचं झाकण आणि वाढदिवसाचा फलक यांवरून आमदार जोखण्याची सवय आपणच लावून घेतली आहे.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरेल, तेव्हा आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने कोणते प्रश्न विचारले आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, ते मिळवा आणि आम्हाला पत्राने कळवा. मग तो आमदार तुमच्या मताने निवडून आलेला असो वा नसो. निवडक पत्रं आम्ही पुढच्या अंकात छापू.