तीनशे डीपीआयची थाप



धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या स्मरणिकेत आम्ही एक गुन्हा केला. वस्तीतल्या एका आजींनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली होती. त्यांचा तेव्हाचा फोटो आम्हाला पानभर छापायचा होता. नातवाने घरातल्या ग्रुप फोटोचा मोबाईलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आम्ही त्यातून आजींना कापून घेतलं. छापून आलं तेव्हा डोळ्यांच्या जागी चौकोनी डाग. आजी म्हणाल्या, "हे कोन होय बापा?"

छापखान्याने "३०० डीपीआय करून द्या" सांगितलं होतं. आम्ही फोटोशॉपमध्ये ७२ चा आकडा पुसून ३०० टाकला आणि समाधान मानलं. पण आकडा बदलून एकही पिक्सेल वाढत नाही! कापलेल्या तुकड्यात रुंदीला ४८० पिक्सेल होते. आठ इंचांवर पसरले की इंचाला ६०. हातात धरायच्या पानाला इंचाला सुमारे ३०० लागतात, म्हणजे आजी दीड इंचातच नीट दिसल्या असत्या. चौकातला फ्लेक्स लांबून बघतात, तिथे ६० वर भागतं. म्हणून "बॅनरवर तर मस्त आला होता" हे पुस्तकाच्या बाबतीत सांगूच नका.

आता त्यावर नवं खूळ, एआयने फोटो 'क्लिअर' करायचं. सॉफ्टवेअर नसलेले ठिपके अंदाजाने भरतं. अंदाज कुणाच्या चेहऱ्यांवरून? बाबासाहेबांचे असे गुळगुळीत, गोरे चेहरे आपणच जयंतीला स्टेटसला ठेवतो. ही सरळ भेसळ आहे.

"विचार महत्त्वाचे, फोटोत काय अडकता?" असं आमचेच कार्यकर्ते म्हणतात. बाबासाहेबांनी पैशाची चणचण असताना छापखाना चालवला, तो हौस म्हणून? आणि आपल्या आजीचा चेहरा कुठल्या सरकारी दप्तरात आहे? तो ट्रंकेतच आहे.

तो चार बाय सहा इंचांचा मूळ फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला असता तर रुंदीला ३६०० पिक्सेल मिळाले असते. तेवढाच भाग कापून १३५० उरले असते, साडेचार इंच स्वच्छ. स्कॅनरचा आकडा खरा असतो, तो कागदावरून तेवढे ठिपके उचलतो. पण पुढच्या पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने तो फोटो गेला. उरली ती व्हॉट्सअ‍ॅपची फाइल.

येत्या रविवारपासून विहारात स्कॅनर ठेवतोय. गावाकडून पाठवणार असाल तर स्कॅन केलेली फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. जवळ राहणाऱ्यांनी पेटीतला मूळ फोटोच आणावा; स्कॅन करून तुमच्यासमोर परत देऊ.