काचपात्रातील गुण आणि रक्तातील परिणाम

मूल न होण्याचे खापर स्त्रीच्या माथी फोडण्याची आपली रीत जुनी आहे. वस्तुतः अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोषाचाही वाटा असतो. त्यामुळे शुक्रजंतूंविषयीच्या संशोधनाची दखल सामान्य वाचकानेही घ्यावयास हवी. मात्र त्यातून भलता निष्कर्ष काढता कामा नये.

प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. स्त्रीबीजाभोवतालच्या पेशींतून ते स्रवते. हे संप्रेरक मानवी शुक्रजंतूच्या शेपटीतील ‘कॅटस्पर’ नावाचे सूक्ष्म द्वार उघडते, असे अमेरिकेतील व जर्मनीतील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले. त्या द्वारातून कॅल्शियम आत शिरते आणि शेपटीचे फटकारे जोरकस होतात. प्रयोगशाळेतील काचपात्रात हे काही क्षणांत घडते.

मग हेच संप्रेरक पुरुषाला औषध म्हणून का देऊ नये, असा प्रश्न सहज सुचेल. परंतु शरीरातील परिणाम नेमका उलट होतो. या कुळातील औषधे पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना मिळणारे संकेत रोखतात आणि शुक्रजंतूंची निर्मितीच मंदावते. म्हणूनच टेस्टोस्टेरॉनच्या जोडीने त्यांची चाचणी झाली ती पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून! एकट्या टेस्टोस्टेरॉनची गतही तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर आठवड्यास त्याचे इंजेक्शन घेणाऱ्या निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू उरले नाहीत. असे असता ‘पौरुष’ वाढविण्यासाठी व्यायामशाळांतून ही इंजेक्शने घेणारे तरुण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत आहेत.

प्रयोगशाळेतील संशोधन यामुळे निरर्थक ठरत नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्या काळात राहिलेली उणीव काचपात्रातील संप्रेरक भरून काढू शकत नाही. मात्र द्वार उघडतच नसेल, तर दोष कोठे आहे याचा माग त्यातून लागू शकतो. निदानासाठी हे ज्ञान मोलाचे आहे. त्याला रामबाण औषधाचे रूप देणे ही फसवणूक होय.

वीर्यतपासणी साधी व वेदनारहित असते. स्त्रीला शस्त्रक्रियेच्या मेजावर नेण्यापूर्वी पुरुषाची ही तपासणी झालीच पाहिजे, असा आग्रह डॉक्टरांनी आणि कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी धरावयास हवा. तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून संप्रेरके घेऊ नयेत, हेही तितक्याच निक्षून सांगावयास हवे.