देठ तपासतो, मग घरातली हवा का नको?



तासगाव-मिरज पट्ट्यातला द्राक्ष बागायतदार माती, पाणी, देठ सगळं लॅबला पाठवतो. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळं आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हापासून रेसिड्यू म्हणजे काय हे पोरासोरांनाबी कळतंय. परदेशातल्या माणसाच्या पोटात काय जातंय ते आपण तपासून देतो. पण आपल्या घरचं माणूस रात्रभर कसली हवा ओढतंय, ते कोण बघतंय?

सुरुवातीला यंत्र लागत नाही. रानातून आल्यावर कोंडलेल्या खोलीचं दार उघडा. फवारणीच्या औषधाचा वास आला, डोळे चुरचुरले, तर ती खोली झोपायची नाही. औषधं घराबाहेर, कुलपात ठेवा.

पण वास नाही म्हणजे हवा चांगली, असंही नाही. कोळशाची शेगडी, बंब किंवा गॅस गिझर बंद जागेत चालला की कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस बसल्या जागी गळतो. न्हाणीला झरोका पाहिजेच.

सगळ्यात वाईट धान्यातली गोळी. ॲल्युमिनियम फॉस्फाईडला हवेतला दमटपणा लागला की फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. त्यावर उतारा नाही. नियमानं ही धुरी सरकारी यंत्रणेनं किंवा पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच द्यायची. तरी आपल्याकडं ज्वारीच्या पोत्यात गोळी टाकायची आणि शेजारीच अंथरूण! हे बंद झालंच पाहिजे. धान्य कडक वाळवा, हवाबंद पिशवीत भरा, किडीचा जीव तिथंच जातो.

राहिली चूल. धुरातल्या बारीक कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, २४ तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली १५ मायक्रोग्रॅम सांगितली. आपल्या देशाची ६० आहे, तीही बाहेरच्या हवेसाठी. चूल पेटल्यावर स्वयंपाकघरात आकडा कित्येक शेकड्यांत जातो. फलटणच्या निंबकर संस्थेनं या धुराला पर्याय म्हणून अल्कोहोलवर चालणारा स्टोव्ह केव्हाच करून दाखवलाय. म्हणजे आपल्या भागात हा विचार नवा नाही.

कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या साहेबांना एकच विनंती. बोरगाव, कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रांनी कण मोजायचं आणि कार्बन मोनॉक्साईडचं असं एकेक मीटर ठेवावं, आणि माती परीक्षणासारखं गावोगाव फिरवावं. चुलीपुढं आकडा दिसला की घरातली माणसं स्वतःच भिंतीला झरोका पाडतील. नुसत्या भाषणानं ते होत नाही.

बागेला खेळती हवा पाहिजे म्हणून आपण फुटी विरळ करतो. घराचंही तेच. पटतंय का बघा.