माचा : औषध कीं आनंद ?

सांप्रत मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत ‘माचा’ नांवाचा हिरवा जपानी चहा मिळूं लागला आहे. जगभर त्याची मागणी इतकी वाढली कीं, २०२४ सालच्या शरद ऋतूंत क्योतो येथील कांहीं जुन्या पेढ्यांना, एका गिऱ्हाइकास किती डबे द्यावयाचे याची मर्यादा घालावी लागली. या आवडीचें कारण विचारलें असतां बहुतेक लोक प्रकृतीस होणारे लाभ सांगतात. मेद झडतो, हृदय सुधारतें, कर्करोग टळतो, अशा जाहिराती वाचल्या म्हणजे संजीवनीच हातीं लागली असें वाटतें. परंतु केवळ औषध म्हणून माचा पिणारा मनुष्य त्यांतील खऱ्या लाभास मुकतो, असें आमचें मत आहे.

औषध म्हणून चहाची ख्याति जुनी आहे. एइसाई नांवाचा बौद्ध भिक्षु ११९१ सालीं चीनमधून चहाचें बीं घेऊन जपानास परतला, आणि १२११ सालीं त्यानें चहाच्या आरोग्यदायक गुणांवर एक ग्रंथ लिहिला. ध्यानास बसणाऱ्या भिक्षूंना झोंप आवरण्यास हें पेय उपयोगी पडे.

माचा करण्याची रीत निराळी आहे. तोडणीपूर्वीं सुमारें तीन आठवडे झुडुपांवर सावली धरतात. पुढें पानें वाफवून सुकवितात आणि देंठ व शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. जातें तासभर फिरलें तरी सुमारें ४० ग्रॅमच भुकटी पडते. सावलीमुळें पानांचा रंग गडद होतो व थिॲनिन नांवाचें द्रव्य त्यांत टिकून राहतें. त्यामुळें चवीस माधुर्य येतें. साध्या चहांत आपण अर्क पितों व चोथा टाकून देतों. येथें सबंध पानच पोटांत जातें. कॅफीनमुळें येणारी तरतरी थिॲनिनच्या जोडीनें अधिक स्थिर होते व चित्त एकाग्र होण्यास मदत मिळते, असें कांहीं लहान प्रयोगांत दिसून आलें आहे.

मात्र मोठ्या दाव्यांविषयीं सावध असावें. जपानच्या मियागी प्रांतांत ४०,५३० प्रौढ स्त्रीपुरुषांची अकरा वर्षें पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. हिरवा चहा पुष्कळ पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं होणारे मृत्यु कमी आढळले. कर्करोगानें होणाऱ्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाहीं. शिवाय ही पाहणी हिरव्या चहाची होती, खास माचाची नव्हे. आणि केवळ अशा पाहणीवरून चहा हेंच त्या लाभाचें कारण, असें सिद्ध होत नाहीं.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. चहांतील द्रव्यें धान्य व भाजीपाल्यांतील लोह अंगीं लागूं देत नाहींत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं सुमारें ५९ टक्के मुलींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. म्हणून चहा कोणताही असो, तो जेवणाबरोबर घेऊं नये. मध्यें तासभर तरी जाऊं द्यावा. आणि परीक्षेच्या काळांत झोंप मारण्यासाठीं वाटीमागून वाटी रिचविणें हें तर विद्येचें व प्रकृतीचें दोहोंचेंही नुकसान आहे.

मग माचाचा खरा लाभ कोणता? तो पिण्याच्या रीतींत आहे. सोळाव्या शतकांत सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या आचार्यानें चहापानाच्या विधीस साधें व गंभीर रूप दिलें. खोली लहान, तिचें दार इतकें ठेंगणें कीं सरदारासही वांकूनच आंत जावें लागे, आणि तलवार बाहेर ठेवावी लागे. यजमान स्वतः ऊन पाणी ओतून बांबूच्या बारीक रवीनें भुकटी घुसळी, आणि पाहुणा ती वाटी दोन्ही हातांनीं घेई. गोव्याहून जपानास गेलेले येशूसंघाचे निरीक्षक वालिन्यानो यांनीं मिशनच्या घरांत पाहुण्यांसाठीं चहाची खोली असावी अशी आज्ञा केली होती. रिक्यूचा शिष्य ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार होता. श्रद्धा सोडण्याचें नाकारल्यामुळें १५८७ सालीं त्याची जहागीर गेली, १६१४ सालीं तो हद्दपार झाला, व पुढल्याच वर्षीं मनिला येथें निवर्तला. चहाच्या खोलींतील शांतता प्रार्थनेस साह्य करते असा त्याचा अनुभव होता, असें रॉड्रिग्ज या समकालीन येशूसंघीय लेखकानें नमूद केलें आहे. ज्याचें सर्वस्व गेलें त्याला ही शांतता उपयोगीं पडली असेल, यांत नवल नाहीं.

हल्लीं मात्र साखर व सायीचा ढीग घालून, हातांतील यंत्राकडे पाहत, चालतां चालतां माचा पिणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्या पोटांत पान जातें, पण पेयाचा स्वाद व शांतता दोन्ही हातचीं निसटतात. म्हणून विद्यार्थिबंधुभगिनींस आमचें सांगणें एवढेंच कीं, ज्यांस माचा परवडतो त्यांनीं तो साखरेवांचून व बेतानें प्यावा. ज्यांस परवडत नाहीं त्यांनीं हळहळूं नये. कांगडा व नीलगिरि येथील हिरवा चहाही त्याच जातीच्या झुडुपाचा असतो. पेला कोणताही असो, दिवसाकांठीं दहा मिनिटें पुस्तक व यंत्र बाजूस ठेवून, आईवडिलांजवळ वा मित्राजवळ बसून तो सावकाश प्यावा. याला कांहीं खर्च पडत नाहीं.