साभार परत, पण का?

नवोदित लेखकांची प्रकाशकांविरुद्ध एक ठरलेली तक्रार असते : हस्तलिखित पुरते वाचलेच नाही, दोन पाने चाळली आणि साभार परत! मला ही तक्रार पटत नाही. शितावरून भाताची परीक्षा आपल्या आया रोजच करतात. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी त्यांचे मोल तत्काळ ओळखले आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. तेव्हा झटपट निर्णय हा गुन्हा नव्हे. प्रश्न आहे तो निर्णयानंतरच्या मौनाचा.

बहिणाबाईंचा मुलगा स्वतः कवी होता. ज्यांच्या घरी सोपानदेव नाही, त्यांनी काय करावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. 'हे जमले, हे फसले' असे सांगणारे घरी कोणी नाही. अशांचा पहिला जाणता वाचक म्हणजे प्रकाशकच. माझ्या कथांची वही एका प्रकाशकाकडून आठव्या दिवशी परत आली. आठ दिवसांबद्दल माझे काही म्हणणे नाही. सोबत कारणाची एक ओळही नव्हती, याबद्दल आहे. कथा लांबल्या? भाषा कच्ची वाटली? की आमच्याकडची बोलीच परकी वाटली? लांबण छाटता येते, कच्चेपणा घालवता येतो. पण बोली हा काही दोष नव्हे. भाकरीला शीत नसते. तिची परीक्षा वेगळी.

जॉर्ज ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' १९४४ साली टी. एस. एलियटने फेबर प्रकाशनातर्फे नाकारली. परंतु लेखनाचे गुण मान्य करून आणि नकाराची कारणे पत्रात मांडून. ती कारणे कोणाला पटोत न पटोत, लेखकाला निदान उत्तर मिळाले. पुढच्याच वर्षी ते पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाने काढले.

ढीगभर हस्तलिखिते येतात, प्रत्येकाला पत्र कसे लिहिणार, असे प्रकाशक म्हणतील. लांबलचक पत्र नकोच. निर्णय दोन पानांत होतो, तर त्याचे कारण दोन ओळींत मावायला काय हरकत आहे?

तोवर आपल्या महाविद्यालयापुरते तरी एक करता येईल. मराठी विभागातील प्राध्यापकांनी महिन्यातून एक तास आमच्या वह्यांना द्यावा. 'फसले' हे ऐकण्याची आमची तयारी आहे. का फसले, तेवढे मात्र सांगावे.

— द्वितीय वर्ष, कला