शेवटच्या नंबराचं बक्षीस

हॉकी म्हटलं की आमच्या पिढीला ध्यानचंद आठवतात. आज मी लिहिणार आहे ते मात्र बर्फावरच्या हॉकीबद्दल. लेक-जावई कॅनडात एडमंटनला, नातू तिथेच वाढलेला. त्यामुळे फोनवर ख्यालीखुशालीच्या आधी ऑयलर्स जिंकले की हरले ते कळतं! खेळातले बारकावे मला समजत नाहीत. पण तिथे संघ कसे उभे करतात हे ऐकलं की माझ्यातली शिक्षिका जागी होते.

तिथल्या एनएचएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात 'ड्राफ्ट' होतो. अठराएक वर्षांची मुलं हे संघ सात फेऱ्यांत एकेक करून निवडतात. मुलाला कुठे जायचंय हे कोणी विचारत नाही. १९६३ पासूनची ही पद्धत. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्यांना आधी निवडायची संधी, म्हणजे दुबळ्याला बळ मिळावं. हेतू चांगलाच आहे.

पण जिथे शेवटच्या नंबराला बक्षीस, तिथे शेवटचा नंबर काढणारेही निघणारच. १९८४ साली पिट्सबर्गचा संघ तळाला राहिला, त्यांना मारिओ लेम्यू मिळाला आणि पुढे १९९१ व १९९२ साली त्यांनी स्टॅनले कप जिंकला. १९९३ साली ओटावा मुद्दाम हरल्याचा संशय घेतला गेला. चौकशीत ते सिद्ध झालं नाही, पण १९९५ पासून पहिल्या नंबरासाठी लॉटरी आली. गंमत म्हणजे ओटावाने पहिला निवडलेला डेग अपेक्षेला उतरला नाही आणि दुसरा निवडला गेलेला प्रॉन्गर थोर खेळाडू झाला.

एक मात्र नीट समजून घ्यायला हवं. बर्फावरची मुलं मुद्दाम हरत नाहीत. ती जीव तोडूनच खेळतात. हरण्याची सोय वर कचेरीत होते. जनरल मॅनेजर चांगले खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकतो, बदल्यात पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडी घेतो.

आमचे जावई म्हणतात, "आई, मध्यावर रखडण्यापेक्षा तळ गाठलेला बरा. २००५ पासून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, नवख्यांचे पगार कमी असतात. तेव्हा तरुण मुलांवरच संघ उभा राहतो." बोलणं खोटं नाही. शिकागोने २००६ साली टेव्स आणि २००७ साली केन निवडला आणि २०१०, २०१३, २०१५ असे तीन कप जिंकले.

पण दुसरी बाजूही बघा. मार्च २०१५ मध्ये बफेलोत बफेलोविरुद्ध ॲरिझोना असा सामना झाला. दोघंही तळाचे. जादा वेळेत ॲरिझोनाने गोल केला आणि बफेलोच्याच प्रेक्षकांतून आनंदाचे चीत्कार उठले! कशासाठी, तर मॅकडेव्हिड नावाचा मुलगा मिळावा म्हणून. बफेलो शेवटचं आलं, लॉटरीत त्यांची शक्यता २० टक्के होती. नंबर लागला ११.५ टक्केवाल्या एडमंटनचा. बफेलोला दुसरा आयकेल मिळाला. तो सहा हंगाम तिथे खेळला, पण बाद फेरी एकदाही दिसली नाही. २०२१ साली तो व्हेगसला गेला आणि २०२३ साली त्याने कप उचलला. बफेलो मात्र २०११-१२ ते २०२४-२५ असे सलग चौदा हंगाम बाद फेरीबाहेर राहिलं.

आमच्या शाळेत गुणांवरून तुकड्या पाडत. 'ड' तुकडीत एक हुशार मुलगा आणून बसवला म्हणून वर्ग सुधारत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. उलट तोच मुलगा हळूहळू हात वर करायचा थांबतो. आधी वर्गाचं वळण बदलावं लागतं. एडमंटनने २०१०, २०११, २०१२ असे ओळीने तीन वर्षं पहिले नंबर निवडले, तरी २०१६ पर्यंत सलग दहा हंगाम बाद फेरी नाही.

याउलट डेट्रॉइट. लिडस्ट्रॉम ५३वा, डॅट्सुक १७१वा, झेटरबर्ग २१०वा निवडलेला. निवडल्यावरही घाईने आणलं नाही. आपापल्या देशात दोन-तीन वर्षं तयार होऊ दिलं आणि मग यझरमनसारख्या कप्तानाच्या हाताखाली घातलं. १९९१ पासून २०१६ पर्यंत सलग २५ हंगाम हा संघ बाद फेरीत होता. पुढे त्यांचेही दिवस फिरले, पण पंचवीस वर्षं थोडी नव्हेत.

नव्याने बांधणी करू नये असं मी म्हणत नाही. न्यूयॉर्क रेंजर्सने २०१८ साली चाहत्यांना पत्र लिहून सांगितलं, की ओळखीचे खेळाडू जातील, नवीन येतील. मला तो प्रामाणिकपणा आवडला. पण बांधणी म्हणजे शेवटचा नंबर काढून वाट बघणं नव्हे. अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर आख्ख्या शहराची पत टाकायची आणि आजूबाजूला हरण्याची सवय ठेवायची, हे त्या पोरावर अन्यायाचं आहे.

नातू म्हणतो, "आजी, मॅकडेव्हिड आलाच ना आमच्याकडे?" आला बाळा, आणि २०२४ आणि २०२५ साली संघ अंतिम फेरीतही गेला. पण त्याला निवडल्यानंतर नऊ वर्षांनी. दोन्ही वेळा फ्लोरिडाकडून हरले, तरी मान खाली घालावी असं काही नव्हतं. ते हरणं वेगळं आणि बफेलोच्या त्या रात्रीचं वेगळं. हा फरक त्याला कळावा एवढंच मला वाटतं.