‘जरा ऑडिओ सरकव ना!’

डोंबिवली-कल्याणात लग्नाची, मुंजीची शूटिंगं एडिट करून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ आहे. भटजींचे ओठ मिटले तरी ‘सावधान’ ऐकूच येतंय, असं दिसलं की फोन आलाच. “बाकी मस्त झालंय, फक्त जरा ऑडिओ सरकव ना!” जणू आवाज म्हणजे कल्याण लोकलमधला तिसऱ्या सीटवरचा प्रवासी, म्हटलं की सरकला.

सरकवून एकच दुखणं बरं होतं. फरक पहिल्या मिनिटाला जितका, शेवटच्या मिनिटालाही तितकाच असेल, तर घ्या, सरकवला. पण तो एका चालीने वाढत गेला, तर रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळं किंचित वेगळी चालताहेत; तासाभराच्या सलग रेकॉर्डिंगला चार-पाच फ्रेमसुद्धा निसटतात. तिथे आवाज ताणावा तरी लागतो किंवा मध्ये मध्ये कापून बसवावा लागतो. आणि आवाज कधी पुढे, कधी मागे, कधी अचानक बरोबर, असा भरकटत असेल, तर आधी हौसेने शूटिंग करणाऱ्या मामाचा मोबाइल ताब्यात घ्या.

मोबाइलवर 30 फ्रेम लिहिलेलं असतं, ते कुणी शपथेवर सांगितलेलं नसतं. हॉलमधले दिवे मंद झाले किंवा फोन तापला की तो गुपचूप फ्रेम कमी करतो. प्रत्येक फ्रेमवर तिच्या वेळेची नोंद असते, म्हणून फोनवर बघताना सगळं जुळलेलं दिसतं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने त्या नोंदी धाब्यावर बसवून फ्रेम समान अंतराने मांडल्या, की चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. नवी सॉफ्टवेअरं हे सांभाळतात म्हणे. लांब क्लिप टाकून बघा आणि मला कळवा. मामा मात्र फोन नाचवत विचारणार, “माझ्याकडे तर बरोबर दिसतंय, तूच काहीतरी केलंस!”

उपाय जुनाच आणि फुकटचा आहे. अशी क्लिप टाइमलाइनवर घेण्याआधी हँडब्रेक किंवा एफएफएमपेगमधून स्थिर फ्रेमरेटला कन्व्हर्ट करायची. रात्रभर मशीन चालतं, विजेचं बिल माझं. ते कोटेशनमध्ये लिहिलं तर ग्राहक भुवया उंचावतो. ड्रोनचे पैसे मात्र हसत मोजतो.

आता आमच्याच जातभाईंची खबर घेतो. ‘मिक्स फ्रेमरेट होता म्हणून सिंक गेलं’ ही शुद्ध थाप आहे. स्थिर 30 चं फुटेज 25 च्या टाइमलाइनवर टाकलं तर सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम गाळतं. वरात थोडी अडखळत चालेल, पण बँडचा आवाज जागेवरच राहतो. गडबड होते ती एखादा शहाणा त्या क्लिपला ‘25 म्हणून वाच’ असा हुकूम सोडतो तेव्हा. मग तासाभराचा विधी 72 मिनिटांचा होतो आणि रेकॉर्डरवरचा आवाज बारा मिनिटं आधीच संपतो.

आणि मुळात इतके वेगवेगळे फ्रेमरेट येतात कुठून? आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून 25 फ्रेम आणि 1/50 शटर. पण यूट्यूबवरच्या अमेरिकी गुरूंनी 24 म्हणजे सिनेमा असं सांगितलं, म्हणून ठाण्याच्या हॉलमधला ‘सिनेमॅटिक’वाला कॅमेरा एनटीएससीवर नेऊन 23.976 वर चालवतो, ‘ट्रॅडिशनल’वाला 25 वर, ड्रोनवाला 30 वर. हॉलचे एलईडी फडफडतात ते वेगळंच. तिघांनी एकाच टेबलावर पुरी-भाजी खाल्ली, पण फ्रेमरेट किती ठेवायचा हे कुणी कुणाला विचारलं नाही.

डोंबिवलीत 1999 पासून पाडव्याची स्वागतयात्रा निघते आणि ढोल-ताशाचं चित्रीकरण करणाऱ्यांची फडके रोडवर झुंबड उडते. तिथली चूक तर अधिक मजेशीर. एकजण रेकॉर्डर ढोलाजवळ ठेवतो, दुसरा पस्तीस मीटरवरच्या गच्चीतून झूम लावतो. आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे अडीच फ्रेम. नंतर दोघं मिळून ‘ऑटो सिंक’चं बटण दाबतात. ते बटण ढोलाजवळचा चोख आवाज गच्चीवरच्या उशिरा पोचलेल्या आवाजाला जुळवतं आणि उशीर तसाच पदरात पडतो. टिपरू ढोलावर पडतं, ठोका मागाहून. आवाज मागे राहिला तर माणसाचा कान बरंच सहन करतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीत आवाज 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी जाणवतो, मागे राहिला तर 125 पर्यंत जाणवत नाही, असं म्हटलंय. पण टिपरूला ओठांसारखी माफी नाही. इथे आवाज दोन-तीन फ्रेम पुढे ओढून, डोळ्यांनी ठोका बघून हाताने जुळवावा लागतो. बटण दाबून मोकळं होणाऱ्याला हे सांगितलं की तो म्हणतो, “रीलमध्ये कोण बघतंय?”

यापुढे माझ्याकडे फुटेज आणणाऱ्याने कॅमेरे 25 वर लावावेत आणि विधी सुरू होण्याआधी सगळे कॅमेरे चालू करून करवलीला एक सणसणीत टाळी वाजवायला सांगावी. शेवटी आणखी एक. दोन्ही टाळ्या नसतील तर सिंकचे पैसे वेगळे, आगाऊ, आणि मामाच्या क्लिपला दुप्पट.